जास्तीच्या बायका

दाराच्या उजव्या चौकटीवर गेरूनं काढलेल्या घरक्रमांकात सातच्या आकड्याला ओघळ आला होता. ओघळ सरळ खाली आला नव्हता. लाकडाच्या रेषेनं किंचित डावीकडे वळून तो दीड बोटावर वाळला होता. म्हणजे आकडा काढणाऱ्यानं कुंचला जास्त भिजवला होता, आणि चौकट त्या बाजूला कललेली होती. भवानी सड्याचं पाणी घेऊन दाराच्या आतच उभी होती आणि त्या ओघळाकडे बघत होती, म्हणून बाहेर ओट्यावर चाललेलं बोलणं तिच्या कानांवर जरा उशिरा पडलं.

"अवघं बरोबर आहे," मामंजी म्हणत होते. "फक्त भवानीच्या ओळीतला एक रकाना सोड. त्याला लाल शाई आत्ता नको. संध्याकाळी येशील तेव्हा सांगतो."

"कुठला, अण्णा?"

"लग्नाचा."

पेन झटकल्याचा आवाज आला, आणि राधाकृष्णानं तमिळमधूनच होकार दिला, "सरि, अण्णा." पायरी उतरताना त्याची चप्पल नेहमीसारखी घसटली. भवानीनं तांब्या तसाच खाली ठेवला.

नटराजराव, तिचे सासरे, तालुका कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली तरी कुंभकोणम् गावच्या या मेलकावेरी भागात सरकारी कागद कसा लिहावा हे लोक त्यांनाच विचारत. म्हणून यंदाच्या खानेसुमारीत या भागाची देखरेख त्यांच्याकडे आली, आणि घरोघर हिंडायचं काम म्युनिसिपल शाळेतल्या राधाकृष्णाकडे. राधाकृष्ण नात्यानं लांबचा दीर. जानेवारीत त्यानं काळ्या शाईनं कच्ची नोंद केली होती. आजच्या रात्री साऱ्या हिंदुस्थानात एकदमच पक्की मोजणी होणार, आणि जे बदलेल ते लाल शाईनं लिहायचं. आज कुणी गाव सोडू नये, लग्नकार्य काढू नये असं दवंडीवाला सांगून गेला होता. शाळांना सुट्टी होती, कारण मास्तर सगळे मोजायला निघाले होते. जानेवारीत राधाकृष्णानं तिच्या ओळीत लिहिलं होतं: भवानीबाई, स्त्री, अठ्ठावीस, विवाहित. तिनं ते उलट्या बाजूनं, कॉफी ठेवता ठेवता वाचलं होतं. आता त्या शब्दाचं काय होणार होतं, हे तिला कळायला सातच्या शेपटीएवढाही वेळ लागला नाही. समुद्रापार गेलेल्या नवऱ्याची शेवटची खबर येऊन चैत्रात बारा वर्षं पुरी होत होती.

बारा वर्षं ज्याची वार्ता नाही तो गेला असं धरायचं. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला दर्भानं बांधायचं, कावेरीच्या काठी त्याला अग्नी द्यायचा. मग दहा दिवस, मग बाकीचं. बाकीचं म्हणजे काय हे भवानीला बोटांनी ठाऊक होतं. ती सात-आठ वर्षांची असताना चोळपुरमच्या गोदाआत्याकडे गेली होती. आत्या अंगणाच्या कोपऱ्यात पाठमोरी बसली होती. नवरा हरवलेला, विधी होऊन चारच दिवस झालेले. भवानीनं मागून जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला, जसा नेहमी वेणीवर ठेवायची तसा. काथ्याच्या पायपुसण्यासारखं काहीतरी तळव्याला टोचलं, आणि त्याखाली कातडी ऊन होती, आणि ती हलली. आत्यानं मागं वळून पाहिलं नाही. फक्त म्हणाली, "कोण गं? हात काढ." तळवा मग दिवसभर तिनं परकराला पुसला. आता स्वयंपाकघरात अळूची पानं चिरताना तिला आपल्याच डोक्याची कातडी वेगळी जाणवू लागली. केस जिथून निघतात ती प्रत्येक जागा, अंबाड्याचं मानेवरचं वजन, कानामागं सुटलेली एक बट. भीतीनं असं होतं, की रक्त त्वचेकडून आत ओढलं जातं, म्हणून गार वाटतं. कारण ठाऊक असलं म्हणून गारपणा काही कमी होत नव्हता.

चुलीपुढं आत्याबाई बसल्या होत्या. मीनाक्षीबाई, तिच्या सासूबाई; लहान चणीच्या, पाठ अजून ताठ. त्यांनीही बाहेरचं ऐकलं असणार, कारण रसम उतू जात होतं आणि त्या बघत होत्या.

"आत्याबाई, रसम."

"दिसतंय मज," त्या म्हणाल्या, आणि भांडं उतरवलं. मग भांड्यालाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "कचेरी सुटली, कचेरीची खोड नाही सुटली. घर म्हणजे काय फाइल आहे? आली तारीख, कर निकाल!"

एवढंच. त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं, आणि भवानीनं पुन्हा विळी पुढं घेतली. या घरात एका गोष्टीभोवती तिघं जण दोन वर्षं असं चालत होते, जसं जमिनीवर निजलेल्या माणसाला न ओलांडता बाजूनं जावं. ती गोष्ट भवानीला नदीच्या पायऱ्यांवर कळली होती. पलीकडच्या गल्लीतल्या पितळी भांड्यांच्या व्यापाऱ्याची बायको कामाक्षी मलायातल्या पिनांगला तीन वर्षं राहून परत आली होती. आषाढ होता, पाणी नुकतंच आलं होतं, आणि कामाक्षी चुण्या काढून लुगडं पिळता पिळता तमिळमध्ये, अगदी सहज, जसं कुणाच्या घरी फणस पिकलाय असं सांगावं तसं म्हणाली: "तुमचा माणूस बघितला की. जेट्टीजवळच्या गोदामात हिशेब लिहितो. अंग धरलंय. घरी बाई आहे, दोन पोरं. मुलगी, अय्यो, हुबेहूब तुमच्या सासूबाई, तीच हनुवटी." भवानीच्या हातून तेव्हा काही निसटलं नाही. तिनं कळशी भरली, वर आली, आणि तुळशीपाशी कळशी ठेवताना तिला कळलं की आपण वाटेत एकदाही श्वास मोजून घेतला नाही, तो आपोआप चाललाय. तिनं घरी सांगितलं नाही. पण त्या वर्षी त्याच्या वाढदिवसाला आत्याबाईंनी त्याच्या नावाचं केळीचं पान मांडलं नाही. दरवर्षी मांडायच्या, पायसम वाढायच्या आणि मग ते गाईला द्यायच्या. त्या वर्षी पायसम झालंच नाही. मामंजी जेवताना पानाच्या रिकाम्या जागेकडे एकदा बघून म्हणाले, "मीठ वाढ." तेव्हा भवानीला समजलं की कामाक्षी पायऱ्यांवर आपल्या एकटीशीच बोललेली नाही.

तरीही चैत्रातला विधी ठरत होता. मामंजींचं म्हणणं तिला न सांगताही ठाऊक होतं, कारण त्यांचं मन कसं चालतं ते तिला त्यांच्या मुलापेक्षा जास्त माहीत होतं. वार्ता म्हणजे वार्ता. नदीवर बायका बोलतात ती वार्ता नव्हे. त्यांचे आजोबा तंजावरच्या सरकारवाड्यात राजाच्या भांड्यांची मोजदाद ठेवत. राज्य खालसा झालं तेव्हा इंग्रजांच्या माणसापुढं त्यांनी एकेक परात मोजून दिली, आणि एक कमी भरली ती स्वतःच्या घरची आणून पुरी केली. ही गोष्ट मामंजी अभिमानानं सांगत. कमी पडलेलं घरातून पुरं करायचं. मुलगा कमी पडला होता. दहा वर्षांतून एकदा होणारी मोजणी. महिन्याभरात खोटा ठरणारा शब्द त्यांनी आपल्याच घराच्या ओळीत, आपल्याच देखरेखीखाली राहू दिला असता तर त्यांना झोप लागली नसती. ते दुष्ट नव्हते. तिच्या वडिलांनी तिला इंटरसाठी मद्रासला ठेवायचं म्हटलं तेव्हा सगळ्या नातलगांविरुद्ध हेच "शिकू दे" म्हणाले होते. हेच ती दर वेळी आठवायची आणि हेच तिचे हात बांधायचं.

दुपारी जेवणं झाली. तांबटांच्या आळीतून हातोड्यांचा आवाज येत होता. एकाचा ठोका पडायचा, दुसऱ्याचा त्याच्या मागं, आणि मधूनच दोन्ही एकत्र. भवानी माजघरात खांबाला टेकून बसली. वडिलांकडे मागच्या खानेसुमारीचा जाड अहवाल होता. ते शाळेत पदार्थविज्ञान शिकवत, पण असे अहवाल त्यांना गोष्टींसारखे आवडत. मद्रास इलाखा: किती कोटी माणसं, किती गावं, किती शहरं. मद्रास सगळ्यांत मोठं, मग मदुरा, त्रिचनापल्ली, सेलम. आणि त्या रांगेत जरा खाली आपलं कुंभकोणम्, नदीच्या दोन पात्रांमध्ये चेपून बसलेलं. कोण काय करून पोट भरतं तेही त्यात होतं: भाताची शेती, रेशीम विणणारे, पितळ ठोकणारे, विड्याच्या पानांचे मळेवाले, पुरोहित, भिक्षुक. वडील एकदा हसत म्हणाले होते, "बघ, तंजावर जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त. का, सांग?" ती तेव्हा पंधरा वर्षांची, लग्न झालेली, नवरा नुकताच बोटीत बसलेला. तिनं विचार करून सांगितलं होतं की पुरुष ब्रह्मदेशात, सिलोनात, मलायात जातात, ते तिकडं मोजले जातात. "शाबास," वडील म्हणाले. "आणि म्हणून विवाहित पुरुषांपेक्षा विवाहित बायका जास्त. बेरीज जुळत नाही, तरी चूक नाही." त्या जास्तीच्या बायकांचा आकडा तिनं तेव्हा पाठ केला होता. तो आता आठवत नव्हता. आठवत होतं ते एवढंच, की आकडा वाचताना तिला त्या बायका कुठंतरी एका मोठ्या मैदानात उभ्या दिसल्या होत्या, कुंकू लावून, आणि त्यांत आपण नव्हतो. आपण अहवाल वाचत होतो.

वडील गेले, आणि ती सासरी परत आली. इथल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागली. नवरात्रात मद्रासच्या शाळेतल्या बाई, सुब्बलक्ष्मी नावाच्या, इथं देवदर्शनाला आल्या होत्या. इंटरच्या वर्गात तिला दोन वर्षं पुढं. त्यांनी बोम्मैकोलूच्या बाहुल्यांपुढं बसून, हरभऱ्यांचं सुंडल खाता खाता विचारलं होतं: "रसायन शिकवायला माणूस हवंय मज. बाईच हवी. वसतिगृहात खोली आहे. येतेस?" भवानी म्हणाली होती, विचारून सांगते. कुणाला विचारणार होती? दिवाळी गेली, संक्रांत गेली. सुब्बलक्ष्मीबाईंचा निरोप परवा कुणीतरी आणला होता: पहिल्या मार्चपर्यंत वाट बघते, मग दुसरी बघते. भवानीनं निरोप आणणाऱ्याला ताक दिलं आणि बरं म्हटलं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत राहावं, आणि चंचुपात्रातलं पाणी मात्र पाण्यासारखंच राहावं. तिला वाटे, प्रत्येक थेंबाला आत काहीतरी होतंय, पण डोळ्यांना दिसत नाही. आणि हेही वाटे, की कदाचित रंग दाखवणारा सूचकच घालायचा राहिलाय, आणि आपण नुसतंच ओतत बसलोय.

उन्हं कलली तशा आत्याबाई तेलाची वाटी आणि फणी घेऊन आल्या. शुक्रवार नव्हता. "बस," त्या म्हणाल्या. भवानी त्यांच्यापुढं पाठमोरी बसली. आत्याबाईंनी अंबाडा सोडला, आणि केस खाली पडल्याचा जडपणा तिला पाठभर जाणवला. त्या नेहमीपेक्षा हळू विंचरत होत्या. फणी मुळापासून टोकापर्यंत जायची, थांबायची, पुन्हा वर यायची. त्या मोजत होत्या की काय, असं भवानीला वाटलं.

"तू बोल त्यांच्याशी," आत्याबाई मागून म्हणाल्या.

"काय बोलू?"

"तुज ठाऊक आहे काय ते." फणी थांबली. "मी आई आहे. माझ्या तोंडून ते निघालं तर... तिकडची ती खरी होते, भवानी. पोरं खरी होतात. मग मी इथं कुणाची वाट बघत बसले होते?" त्यांनी केस घट्ट ओढून वेढा दिला. "तू सांगितलंस तर विधी होत नाही. वार्ता आली म्हणजे संपलं. तू इथंच राहशील. कुंकू राहील. मी आहे तोवर तुज कुणी बोट लावणार नाही."

तू इथंच राहशील. भवानीनं ते शब्द मनात एकदा सरळ आणि एकदा उलट वाचून पाहिले. एका वाटेनं न्हावी होता, मागची खोली होती, काथ्यासारखं डोकं होतं. दुसऱ्या वाटेनं ही फणी होती, दर शुक्रवारी, आणि एका गोदामातल्या माणसासाठी लावलेलं कुंकू. ही बाई आपल्याला वाचवतेय, आणि वाचवून स्वतःजवळ ठेवतेय. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीचं वजन सारखंच होतं. तिला मागं वळून त्यांचे हात धरावेसे वाटले. तिनं धरले नाहीत. केस बांधून होईपर्यंत ती ताठ बसून राहिली.

दिवेलागणीला राधाकृष्ण आला. कंदील त्यानं ओट्याच्या कडेला ठेवला, कागद मांडीवर घेतला, दोन दौती पुढं ठेवल्या. मामंजी पाटावर बसले होते, धूतवस्त्र नेसून, जसे श्राद्धाला बसतात तसे. आत्याबाई दारात, भवानी त्यांच्या मागं उंबऱ्याच्या आत.

"काय ताप झाला दिवसभर," राधाकृष्ण म्हणाला. त्याला शांतता नकोशी झाली होती हे उघड होतं. "त्या कोपऱ्यावरच्या घरी म्हातारीला वय विचारलं तर म्हणते, बाळंतपणं सांगते, तू हिशेब कर. आणि एका घरात पोट कशावर भरतं विचारलं, तर गृहस्थ छाती काढून म्हणतो, जावई!"

"काय लिहिलंस?" मामंजींनी विचारलं.

"अवलंबून, अण्णा."

आत्याबाई एरवी खळखळून हसल्या असत्या. आज कुणी हसलं नाही. राधाकृष्णानं घसा खाकरला आणि वाचू लागला. "नटराजराव, पुरुष, विवाहित. मीनाक्षीबाई, स्त्री, विवाहित. व्यंकटेश..."

"पुतण्या पापनाशमला गेलाय आज," मामंजी म्हणाले. "उद्या येईल."

"मग त्याची ओळ इथं नको. रात्री जो जिथं, तो तिथं." त्यानं लाल रेघ मारली. पेनाचा कागदावरचा आवाज भवानीला आतपर्यंत ऐकू आला. तिनं कागदाकडे पाहिलं. व्यंकटेशच्या नावावरची रेघ ओली होती आणि कंदिलात चमकत होती. त्यानं किती सहज मारली. "भवानीबाई, स्त्री, अठ्ठावीस." राधाकृष्णानं मान वर केली नाही. "हिथं... काय घालू, अण्णा?"

मामंजींनी डोळे मिटले होते. भवानीला दिसलं की त्यांच्या कपाळावरची शीर उडतेय, आणि तिला त्यांची दया आली. या माणसानं दिवसभर हा एक शब्द तोंडात धरला होता.

"आज रात्रीचं खरं काय ते लिहायचं असतं," ते म्हणाले. "चैत्र लांब नाही. मज तर तो कधीच... लिही. विध—"

"खबरदार!" आत्याबाई ओरडल्या. "खबरदार ते अक्षर काढलंस तर, राधाकृष्णा!"

"मीनाक्षी, आत जा."

"मी नाही जायची. भवानी, बोल. बोल की!"

राधाकृष्णाचं पेन दौतीवर अधांतरी होतं. टोकाला शाईचा थेंब जमत होता. भवानी आत्याबाईंच्या बाजूनं पुढं आली आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. परक्या पुरुषासमोर सासऱ्यांशी ती कधी बोलली नव्हती. आवाज कसा निघेल ते तिला ठाऊक नव्हतं. तो वर्गात निघतो तसाच निघाला.

"मामंजी, ते जिवंत आहेत. पिनांगला. तिकडं त्यांचं घर आहे, मुलं आहेत. कामाक्षीनं डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हाला ठाऊक आहे, आत्याबाईंना ठाऊक आहे, मज ठाऊक आहे."

मामंजींनी डोळे उघडले. ते तिच्याकडे बघत नव्हते. समोर रस्त्यावर कुणाच्या तरी घरातला दिवा एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जात होता, तिकडं बघत होते. मग त्यांचे खांदे हळूच खाली आले, आणि ते एकदम म्हातारे दिसले. "म्हणजे वार्ता झाली," ते म्हणाले. "राधाकृष्णा, आहे ते राहू दे. विवाहित." आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या, आणि एका हातानं भवानीचं मनगट चाचपत होत्या. सापडलं तसं त्यांनी ते घट्ट धरलं. राधाकृष्णानं सुस्कारा टाकला, अगदी मोठ्यानं, आणि म्हणाला, "सुटलो बुवा. म्हणजे या ओळीत काहीच बदल नाही. बरं झालं, वहिनी." त्यानं लाल शाईची दौत बंद करायला झाकण उचललं. सगळं पुन्हा जागच्या जागी जात होतं. रसम, शुक्रवार, शाळा, कुंकू. मनगटावर आत्याबाईंची बोटं ऊन आणि तेलकट होती. भवानीनं ती एकेक करून सोडवली, कुणाला दुखू नये अशा बेतानं, आणि त्यांचा हात त्यांच्याच दुसऱ्या हातात ठेवला.

"झाकण लावू नको, राधाकृष्णा," ती म्हणाली. "माझी ओळ खोड. मी आता मद्रासच्या गाडीनं निघाले, तिथल्या शाळेत रसायन शिकवायला. आजच्या रात्री मी या घरात नाही."